फाट्यावर थांबलेला ठिपका

मी झोपाळू आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी टोमणा मारायला नको. नवरा मला कुंभकर्णाची बहीण म्हणेल अशातली गत. एरवी मी शाळेची बस चालवते, मुलांना दम देते, आणि दर जुलैत सायकल घेऊन बेल्जियममधल्या आमच्या गावच्या चौकातून निघते ती बल्गेरियात, बुर्गासच्या समुद्रावर जाऊन थांबते. थांबते म्हणजे, थांबायला हवं. पाच वर्षांतल्या दोन वेळा मी निम्म्यातूनच घरी आले.

चार हजार किलोमीटरची स्पर्धा. मागे गाडी नाही, मदतनीस नाही. पोटाला, अंगाला, सायकलीला जे लागेल ते दुकानातून घ्यायचं, कुणालाही मिळेल असंच. ओळखीच्या घरी पाणी प्यायचं नाही, दुसऱ्या स्पर्धकाच्या हातचं बिस्किटही खायचं नाही. घरच्यांनी फोनवर धीर द्यावा, माहिती देऊ नये. वाटेत तीन नाके, तिथं शिक्का मारून घ्यायचा. मधली वाट ज्याची त्यानं शोधायची. हे सगळं पाळतोय की नाही ते बघायला कुणी नसतं. ज्याचं त्यानं पाळायचं.

चौकातल्या कॅफेत एक लाकडी फळा आहे. पंधराव्या दिवशी दुपारी बाराच्या आत जे समुद्रावर पोचतात, त्यांची नावं त्यावर रंगवतात. उशिरा पोचलेल्यालाही टाळ्या मिळतात, बिअर मिळते, फळ्यावर नाव मिळत नाही. तिसऱ्या वर्षी मी पाच तास उशिरा पोचले आणि चौथ्या वर्षी चाळीस मिनिटं. चाळीस. मी रोज सकाळी बस घेऊन त्या कॅफेवरून जाते आणि चाळीस मिनिटांत माणूस काय काय करतो याचा विचार करते. केस धुतो, बटाटे सोलतो, नवऱ्याशी भांडतो. मला त्या फळ्यावर नाव हवं होतं. बाकी काही नको होतं.

यंदा सगळं जमून आलं होतं. दहाव्या दिवशी संध्याकाळी मी मॉन्टेनेग्रोच्या डोंगरातल्या तिसऱ्या नाक्यावर पोचले. स्टाना नावाच्या बाईचं छोटं हॉटेल आहे ते. तिनं शिक्का मारला आणि पुढ्यात काचामाक ठेवला, म्हणजे मक्याचं पीठ आणि चीज घोटून केलेला दगडासारखा गोळा. समोरच्या बाकावर वेंडेलीन बसले होते. स्लोव्हाकियाचे, वय सहासष्ट, सुतार. दर वर्षी कुठे ना कुठे गाठ पडायची. मोडक्या जर्मनमध्ये आम्ही एकमेकांची टिंगल करायचो.

"काय पोरी, अजून जागी?" ते म्हणाले. "सूर्य तर बुडला."

"तुमचा ठिपका बघून लोकांना वाटतं डबी बंद पडली. इतके हळू जाता तुम्ही."

ही डबी म्हणजे ट्रॅकर. काडेपेटीएवढा असतो, उपग्रहावर चालतो, प्रत्येकाच्या सायकलवर एक. तो हलला की संगणकाच्या नकाशावर आपल्या नावाचा ठिपका हलतो. घरी बसलेली मंडळी दिवसभर हे ठिपके बघत उंटावरून शेळ्या हाकतात. ही का थांबली, तो तिकडून कशाला गेला, आमच्या काळात असं नव्हतं.

वेंडेलीननी पिशवीतून धुरी दिलेल्या डुकराच्या चरबीची लादी काढली. स्लानिना म्हणतात ते तिला. खिशातल्या चाकूनं पातळ काप करत ते माझ्यासमोर खायला लागले. काचामाक घशाखाली ढकलत मी बघत राहिले.

"वास येतोय ना?" ते म्हणाले. "दिला असता. पण नियम."

"मी मागितला का?"

"तोंडानं नाही मागितला."

मग त्यांनी सांगितलं की हे त्यांचं शेवटचं वर्ष. पावसाळी थंडी सुरू झाली की गुडघ्याचं ऑपरेशन, आणि बायकोनं, ल्युदमिलानं, शपथ घातली होती. सहा वर्षं येत होते, फळ्यावर नाव एकदाही नाही. यंदा मात्र ते माझ्या बरोबरीनं होते, आणि दोघांनाही वेळेत पोचण्यासारखं होतं. स्टानानं दोघांच्या डब्या एकाच चार्जरला लावल्या आणि आम्ही जेवणघराच्या फरशीवर आडवे झालो.

पहाटे पाचला उजाडता उजाडता मी उठले, चार्जरवरची डबी उचलली, सायकलीच्या पिशवीत टाकली आणि निघाले. वेंडेलीन बूट शोधत होते. आता सांगायला सोपं आहे की डबीवरचा नंबर बघायचा होता. दहा दिवस सायकल चालवून झाल्यावर कुणी मला माझं स्वतःचं नाव विचारलं असतं तर दोनदा आठवावं लागलं असतं.

हॉटेलापासून वीस किलोमीटर खाली, नदीच्या घळीत, रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडून गेलं तर डोंगर जास्त पण वाट जवळची. उजवीकडून सपाटी आहे पण वळसा पडतो. तिथं बसथांब्याची शेड आहे आणि दुसरं काही नाही. मी सहाला तिथं होते. डावीकडे वळले.

सव्वादहाला फोन वाजला. मी घाटाच्या मधोमध होते, पायांत गोळे आलेले. एमे, माझा नवरा.

"मी माहिती देत नाहीये हां," तो म्हणाला. "फक्त विचारतोय. बाईसाहेबांची झोप झाली का?"

"कसली झोप?"

"पावणेचार तास त्या फाट्यावर पडून आहेस. शेडमध्ये गादी घातलीय का कुणी?"

पिशवीत हात घालून डबी काढली. मागच्या बाजूला पिवळी चिकटपट्टी होती. माझ्या डबीला पट्टी नव्हती. नंबर अडतीस. माझा दोनशे तीन.

"बरी आहे मी," मी म्हटलं. "नंतर बोलते." आणि फोन ठेवला.

सगळं समजायला अर्धं मिनिट लागलं. माझी डबी वेंडेलीनकडे होती. म्हणजे माझ्या नावाचा जो ठिपका साडेसहापासून फाट्यावर थांबला होता, तो वेंडेलीन होते. आणि त्यांच्या नावाचा ठिपका माझ्याबरोबर घाट चढत होता. जगाला दिसत होतं की वेंडेलीन मजेत चाललेत आणि झोपाळू बाई झोपलीय. कुणी काळजी करणार नव्हतं. त्या घळीत एक सहासष्ट वर्षांचा माणूस पावणेचार तास जागचा हललेला नाही, हे सबंध पृथ्वीवर फक्त मला माहीत होतं.

आता खरं काय करायचं ते शाळेतल्या पोरालाही कळेल. थांबायचं आणि स्पर्धेच्या कचेरीला फोन करायचा. पण दुसऱ्याची डबी घेऊन सायकल चालवली तर काहीतरी शिक्षा असते, एवढं मला आठवत होतं. नक्की काय ते आठवत नव्हतं. मला वाटलं, परत जा म्हणतील. पंचावन्न किलोमीटर मागे, तेवढेच पुन्हा पुढे. किंवा बस तिथंच म्हणतील. सहा तास तरी गेले. माझ्या हाताशी पाच-सहा तासच जास्तीचे होते.

झोपला असेल म्हातारा, मी स्वतःला सांगितलं. शेड आहे, बाक आहे. मीच नाही का पडत कुठेही? आणि पेडल मारलं.

मी काही तेव्हा बेभान नव्हते, भुकेनं वेडीही झाले नव्हते. चांगली शुद्धीवर होते. घाटमाथ्यावर पाणी प्यायले, उतारावर कोट घातला, सर्बियाच्या चौकीवर पासपोर्ट दाखवला आणि शिपायाशी हवेबद्दल बोलले. पण खाई त्याला खवखवे. दर वळणावर डोळ्यांपुढे हॉटेलाकडून फाट्याकडे येणारा तो उतार यायचा. त्यावर पहाटेचं दव होतं, आणि वेंडेलीनचे ब्रेक जुने होते.

एक वाजता एका गावात बेकरीसमोर बसले. पातळ पापुद्र्यांचा बुरेक घेतला, गरम, चिजाचा. पहिला घास घेतला आणि फोनवर नकाशा उघडला. माझा ठिपका अजून फाट्यावरच. साडेसहा तास. या स्पर्धेत साडेसहा तास कुणी झोपत नाही, मीसुद्धा नाही.

नकाशाखाली लोकांच्या गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी माझं नाव घेऊन लिहिलं होतं, "गोडेलीव्हबाईंना उठवा रे कुणीतरी, बस चुकेल." त्याखाली, "पण अडतीस नंबर बघा. सहासष्टाव्या वर्षी काय घाट चढलाय." आणि त्याखाली ल्युदमिलानं लिहिलं होतं: "मी त्यांची बायको. शेजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवतेय. लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या जोरात चाललेत."

मला लाज वाटली. बुरेक खाली ठेवला आणि कचेरीला फोन लावला. सव्वा वाजला होता.

फोन योरिसनं उचलला. स्पर्धा तोच चालवतो, नियमही त्यानंच लिहिलेत. मी सांगितलं. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं नाही. "थांब, आधी स्टानाला फोन करतो," म्हणाला आणि मला फोनवर तसंच धरून ठेवलं. दोन मिनिटांनी परत आला. "ती गाडी घेऊन निघाली. वेंडेलीनचा फोन लागत नाही, तिथं रेंज नसते. बरं, तुमच्या डब्यांचं. नकाशावर दोघांची नावं बदलतो, संपलं. तू तुझी पुढे जा."

"एवढंच?"

"एवढंच. एका मिनिटाचं काम. फक्त वहीत लिहायला हवं, कळलं केव्हा तुला? कळल्यानंतरही सायकल चालवली असेल तर तेवढा वेळ तुझ्या वेळेत मिळवावा लागतो."

एका मिनिटाचं काम होतं. मी घाटात फोन केला असता तर ते मिनिट तिथंच संपलं असतं.

"आत्ताच," मी म्हटलं. "आत्ताच कळलं."

"छान. लगेच फोन केलास, बरं झालं," योरिस म्हणाला.

अर्ध्या तासानं त्याचा निरोप आला. वेंडेलीन सुखरूप. शेडमध्ये बसलेले सापडले. इतकंच. मी उरलेला बुरेक खाल्ला, गार झाला होता. जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरा विचार आला की आता वेळेत पोचेन. हे मी लपवत नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी साडेदहाला मी बुर्गासच्या समुद्रावर पोचले. दीड तास हातात ठेवून. योरिस टेबलाशी वही घेऊन बसला होता, त्यानं शेवटचा शिक्का मारला आणि गालाला गाल लावला. टाळ्या वाजल्या. एमे बेल्जियमहून आला होता. त्यानं सायकल धरली, मला खुर्चीत बसवलं, बूट काढले.

"अभिनंदन," तो म्हणाला.

बावीस वर्षांचा संसार आहे. त्यानं सव्वादहाला फोन केला होता, मी गप्प झाले होते आणि तीन तासांनी ठिपक्यांची नावं बदलली होती. त्याला बेरीज येते.

"काही बोलायचंय का तुला?" मी विचारलं.

"मला बंदी आहे," एमे म्हणाला. "स्पर्धकाला माहिती द्यायची नाही." आणि माझ्यासाठी सूप आणायला गेला.

बारा वाजले. योरिसनं वहीत रेघ ओढली. वेंडेलीन आले नव्हते. आम्ही हॉटेलवर जाऊ शकलो असतो, पलंग होता, पांढऱ्या चादरी होत्या. मी गेले नाही. झोपाळू बाई त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जागी बसून राहिली.

पावणेतीनला ते आले. एका कुशीवर झुकून पेडल मारत होते, दुखरा गुडघा बाहेर काढून. योरिसनं शिक्का मारला, पाठ थोपटली. त्यांनी वहीतली रेघ बघितली, मान हलवली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. एमेनं बिअर पुढे ठेवली.

"पडला होतात का तिथं?" मी विचारलं. चार दिवस हाच प्रश्न घेऊन चालले होते.

"पडतोय कशाला? खायला म्हणून थांबलो, डबी बाहेर आली, बघतो तर पिवळी पट्टी नाही. ल्युदमिलानं लावली होती ती, घरातून निघतानाच. म्हटलं, झाली अदलाबदल. आता पुढे दोन वाटा. तू कुठल्या वाटेनं गेलीस मला काय माहीत? मी भलतीकडे गेलो तर चुकामूक अजून वाढणार. म्हणून बसलो."

"साडेसात तास?"

"आई सांगायची, हरवलास तर जागचा हलू नकोस."

"वर हॉटेलात परत जायचं. स्टानाकडे फोन आहे."

"वीस किलोमीटर चढ. गुडघा बघितलास का माझा?" त्यांनी बिअरचा मोठा घोट घेतला. "आणि गरज काय होती? मला ठाऊक होतं, तू वर डोंगरात, तुला रेंज असणार. तुला कळलं की तू कळवणार. दर अर्ध्या तासाला वाटायचं, अजून पोरीनं पिशवीत हात घातलेला दिसत नाही. झोपेत चालवतेय." ते हसले. "शेवटी घातलास. योरिस म्हणाला मला, कळल्याबरोबर फोन केला तिनं."

योरिस दोन हात अंतरावर बसला होता. त्यानं वर बघून मान डोलावली.

ते पावणेतीन तास उशिरा आले होते. मी तीन तास गप्प बसले होते. हा हिशोब करायला मला काही वेळ लागला नाही, आणि तो झाल्यावर मला तिथं बसवेना.

"योरिस," मी म्हटलं. "मला सव्वादहाला कळलं होतं."

"काय सव्वादहाला?"

"डबी त्यांची आहे ते. आणि ते तिथं थांबलेत ते. सव्वादहाला कळलं. फोन सव्वा वाजता केला. मधे सायकल चालवली."

योरिसनं वही उघडली. फार हळू उघडली. एमे समुद्राकडे बघत होता.

"तीन तास," योरिस म्हणाला.

"तीन तास."

"मिळवले तर दीड वाजतो, गोडेलीव्ह."

"मला बेरीज येते."

त्यानं पट्टी घेतली, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि तेच नाव खाली, बारानंतरच्या रेघेखाली लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्याचं. लिहून झाल्यावर वही घेऊन तो उठला आणि उगाचच दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

वेंडेलीन बोटांवर मोजत होते. एक, दोन, तीन. मग थांबले. त्यांचा चेहरा उतरला. तो उतरताना मी पाहिला, आणि बघायलाच हवं म्हणून मान वळवली नाही.

"म्हणजे मी पावणेबाराला आलो असतो," ते म्हणाले.

"हो."

"फळ्यावर."

"हो. माफ करा मला." मोडक्या जर्मनमध्ये याहून जास्त मला येत नाही. आलं असतं तरी काय बोलणार होते?

मग त्यांनी पिशवीतून ती लादी काढली. चार बोटं उरली होती. चाकू उघडला, एक काप कापला, खाल्ला. दुसरा कापला, खाल्ला. मी म्हटलं, आता उठून जातील. मी त्यांच्या जागी असते तर केव्हाच उठले असते.

"साडेसात तास बसलो," ते म्हणाले. "तीन तुझे. साडेचार माझे. चढाचा कंटाळा केला मी." तिसरा काप कापून त्यांनी चाकूच्या पात्यावर ठेवला आणि पातं माझ्याकडे केलं. "घे. आता नियम नाही."

मी घेतला. खारट होता, धुराचा वास होता. नाक्यावर त्याच्यासाठी जीव टाकला होता. आता नुसती चावत राहिले.

"खाल्लास? आता एक काम कर." त्यांनी खिशातून जुना बटणांचा फोन काढला. "त्या दिवशी ल्युदमिलानं शेजारपाजारच्या सात घरांना गोळा केलं होतं. मग एकाएकी माझा ठिपका मागे जाऊन पडला. लोक हसले. गेले चार दिवस ती माझ्याशी बोलते, पण हसत नाही. वाटतं, मी आळशासारखा झोपलो. म्हणते, शेवटचं वर्ष आणि तेही झोपून घालवलंस." फोनवर त्यांनी नंबर लावला. "मी काही सांगितलं तर ती म्हणेल, सबबी सांगतोय. तू सांग. तिला जर्मन येतं."

"मी?"

"तीन तास माझं नाव घेऊन फिरलीस. दोन मिनिटं तुझं स्वतःचं घेऊन बोल."

फोन त्यांनी माझ्या हातात दिला. एमेनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि परत काढून घेतला. पलीकडे घंटी वाजत होती, मग कुणीतरी उचलला. बाईचा आवाज, मागे भांड्यांचा आवाज. स्लोव्हाकमध्ये तिनं काहीतरी विचारलं. जेवलास का, एवढं मला कळलं.

"ते जेवताहेत, ल्युदमिलाबाई," मी जर्मनमध्ये म्हटलं. "मी गोडेलीव्ह बोलतेय. त्या दिवशी घाट चढत होते ती मी होते. आणि ते झोपले नव्हते. ते माझी वाट बघत बसले होते."